कान्हेरीचा राजपुत्र

साष्टी बेटातल्या एका म्हाताऱ्याचे एक वाक्य गेली चारशे वर्षे युरोपीय पंडितांच्या ग्रंथांतून फिरते आहे. त्या म्हाताऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. वाक्य टिपणारा माणूस मात्र नामांकित होता. दियोगो द कोउतो (१५४२–१६१६) हा पोर्तुगीज इतिहासकार उमेदीच्या वयात हिंदुस्थानात आला, पुढे गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख झाला आणि गोव्यातच वारला. पोर्तुगीजांच्या पूर्वेतील पराक्रमांचा जो दशकवार इतिहास त्याने लिहिला, त्याचे पाचवे दशक १६१२ साली छापले गेले. त्यात सिंहलद्वीपातल्या बुद्धाची कथा सांगता सांगता तो मध्येच थांबतो आणि आपण कान्हेरीची लेणी पाहायला गेलो होतो त्याची आठवण सांगतो. (ही साष्टी म्हणजे गोव्यातली नव्हे, वसईच्या अमलाखालची, आजच्या मुंबई उपनगरांची.) एकाच कातळातून कोरलेली ती अजस्र दालने पाहून तो चकित झाला आणि तिथल्या एका अतिवृद्ध माणसाला त्याने विचारले, की हे काम कोणाचे असावे असे तुम्हांला वाटते? म्हातारा निःशंकपणे म्हणाला, की संत जोसाफतच्या बापाने हे करवून घेतले. मुलाला जगापासून दूर, एकांतात वाढवता यावे म्हणून.

हा संवाद जिथे झाला त्या जागेचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीच्या तिप्पट-चौपट अशा बुद्धाच्या उभ्या मूर्ती आहेत. १५३४ साली वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे आली आणि फ्रान्सिस्कन पाद्रींनी याच लेण्यात आपले चर्च थाटले. भिंतीभिंतींवर ब्राह्मी लेख होते. पण ती लिपी वाचणारा माणूस तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. जेम्स प्रिन्सेपने तिचे कोडे उलगडले ते १८३७ साली. भिक्षू जाऊन पाच-सहाशे वर्षे लोटली होती. लेणी कोणाची, हे सांगू शकेल अशी स्मृती साष्टीत उरलेली नव्हती. अशा वेळी बुद्धमूर्तीच्या सान्निध्यात उभा राहून तो म्हातारा एका कॅथलिक संताचे नाव घेतो. आणि गंमत अशी, की त्याचे उत्तर जवळजवळ बरोबर असते.

कारण संत जोसाफत म्हणजेच बोधिसत्त्व.

कॅथलिक पंचांगात वर्षाचा प्रत्येक दिवस कोणा ना कोणा संताचा असतो. मोठ्या संतांचे सण चर्चमध्ये थाटाने होतात, वसई-गोव्याकडे ज्याला फेस्त म्हणतात तसे. पण त्यांच्यापलीकडे शेकडो लहान संत आहेत, ज्यांची केवळ नावे आणि दोन ओळींचा परिचय ‘रोमन मार्टिरॉलॉजी’ नावाच्या तिथीवार ग्रंथात सापडतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या ग्रंथाची शुद्ध आवृत्ती सिद्ध करण्याचे काम रोमने चेझारे बारोनियो या विद्वानाकडे सोपवले होते. तो पुढे कार्डिनल झाला. त्या ग्रंथात २७ नोव्हेंबरच्या दिवशी बार्लाम आणि जोसाफत यांचा उल्लेख आला: पर्शियाच्या शेजारच्या हिंदी लोकांमधले दोन संत, ज्यांचे अद्भुत चरित्र दमास्कसच्या संत योहानाने लिहिले. एवढेच. दोघांना संतपद देण्याचा विधी कोणत्याही पोपने कधी केलेला नव्हता. तशी गरजही नव्हती. जुन्या काळातले बहुतेक संत लोकांच्या भक्तीने संत झाले आणि यादीने त्यांची नोंद तेवढी घेतली.

चरित्र असे. हिंदुस्थानात अबेनेर नावाचा राजा होता. ख्रिस्ती संन्याशांचा त्याने छळ मांडला होता. त्याला मुलगा झाला तेव्हा ज्योतिषी जमले. एकाने सांगितले, की या मुलाचे वैभव तुझ्या राज्यात नाही, दुसऱ्याच राज्यात आहे. राजाने वेगळा महाल बांधला, तरुण आणि देखणे सेवक ठेवले, आणि रोग, जरा, मरण यांचा शब्दही राजपुत्राच्या कानी पडू नये असा बंदोबस्त केला. राजपुत्र बाहेर पडलाच. एकदा त्याला महारोगी आणि आंधळा दिसला, पुढे एक जराजर्जर म्हातारा. मन उडाले. तेव्हा बार्लाम नावाचा संन्यासी रत्नांचा व्यापारी बनून महालात आला. आपल्याजवळ अमोल रत्न आहे, पण ते निर्मळ डोळ्यांच्या माणसालाच दिसते, असे त्याने सांगितले आणि दृष्टांतांमागून दृष्टांत देत राजपुत्राला ख्रिस्ती केले. बापाने वादसभा भरवली, मांत्रिक आणला, सुंदर स्त्रिया धाडल्या. काही चालले नाही. शेवटी बापच शरण आला. त्याच्या मृत्यूनंतर जोसाफतने राज्य दुसऱ्याच्या स्वाधीन केले आणि बार्लामच्या शोधात रानात निघून गेला.

मराठी वाचकाला हे ओळखायला पंडिताची गरज नाही. परंतु ओळखण्यासाठी दोन्ही कथा एका माणसाच्या डोक्यात असाव्या लागतात, आणि युरोपात ते फार उशिरा घडले.

कथेच्या प्रवासाचा माग आता बराचसा लागला आहे. हिंदुस्थानातून ती मध्य आशियात गेली. मणिपंथीयांच्या हातून तिचा प्रसार झाला, आणि तुर्फानच्या वाळूत सापडलेल्या कागदांत तिचे तुकडे निघाले. पेहलवीमार्गे ती बगदादला पोचली असावी असे मानतात. तिथे ती अरबीत उतरली. दहाव्या शतकातल्या इब्न अन्-नदीमच्या ग्रंथसूचीत ‘बिलव्हर आणि बूधासफ’ या पुस्तकाची नोंद आहे. इथे एक नुक्ता आडवा आला. अरबीत ‘ब’ आणि ‘य’ ही अक्षरे शब्दारंभी सारखीच दिसतात. खाली एक टिंब असले तर ब, दोन असली तर य. कोणा नकलनविसाच्या लेखणीतून एक टिंब जास्त पडले आणि बूधासफचा यूदासफ झाला. अनुस्वार हरवल्याने काय अनर्थ होतात हे मराठी मुद्रितशोधकांना ठाऊक आहे. इथे एका टिंबाने बोधिसत्त्वाला आठशे वर्षे अज्ञातवासात धाडले. अरबीतून ती जॉर्जियन भाषेत गेली आणि तिथे पहिल्यांदा ख्रिस्ती झाली. अॅथोस पर्वतावरच्या जॉर्जियन मठातल्या एव्थिमियस (मृत्यू १०२८) या साधूने ती ग्रीकमध्ये नेली. ग्रीकमध्ये राजपुत्र योआसाफ झाला. १०४८ साली कॉन्स्टँटिनोपलला पहिले लॅटिन भाषांतर झाले, आणि बायबलमधल्या एका राजाच्या नावाशी जुळवून घेत योआसाफचा जोसाफत झाला. तेराव्या शतकात याकोबुस दे वोरागिने याने संतचरित्रांचा जो अतिलोकप्रिय ‘सुवर्ण-आख्यान’ ग्रंथ रचला त्यात ही कथा आली आणि मग ती पश्चिम युरोपातल्या सगळ्या भाषांत पसरली. दमास्कसच्या योहानाचा, म्हणजे बारोनियोने ज्याचे नाव दिले त्याचा, तिच्याशी काही संबंध नव्हता.

बार्लामच्या दृष्टांतांतला एक इथे थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे. माजलेल्या एकशिंगी जनावरापुढे पळणारा एक माणूस खोल विवरात पडतो; पडता पडता झाडाला धरून लोंबकळतो. झाडाचे मूळ एक काळा आणि एक पांढरा उंदीर कुरतडताहेत. तळाशी अजगर जबडा वासून आहे. पायाखालच्या कपारीतून चार साप डोकावताहेत. तेवढ्यात त्याला फांदीवरून ठिबकणारा मध दिसतो, आणि तो सगळे विसरून मध चाटू लागतो. महाभारताच्या स्त्रीपर्वात पुत्रशोकाने विव्हळ झालेल्या धृतराष्ट्राला विदुर सांगतो ती हीच कथा. तिथे जनावर एकशिंगी नाही, सहा तोंडांचा आणि बारा पायांचा हत्ती आहे: संवत्सर, त्याचे ऋतू आणि महिने. जैन आचार्यांनी हाच दृष्टांत मधुबिंदू म्हणून सांगितला. इटलीत पार्मा शहराच्या बाप्तिस्मागृहाचे बांधकाम ११९६ साली सुरू झाले. त्याच्या दक्षिण दारावर आन्तेलामीच्या शिल्पशाळेने हा माणूस झाडासकट कोरला आहे. विदुराचा मनुष्य इटलीच्या दारावर सातआठशे वर्षे मध खातो आहे! पुढे टॉलस्टॉयने आपल्या आत्मनिवेदनात हाच दृष्टांत पूर्वेकडची जुनी गोष्ट म्हणून घेतला, आणि मध आता आपल्याला गोड लागत नाही असे कबूल केले.

परंतु साम्याचा हा आनंद एका मर्यादेपलीकडे फसवा आहे. काय आले याइतकेच काय आले नाही हेही पाहिले पाहिजे. यशोधरा आली नाही, राहुल आला नाही. बोधिवृक्ष आला नाही. सिद्धार्थ दोन आचार्यांपाशी शिकला आणि दोघांनाही सोडून एकटा बसला. त्याला जे सापडले ते कोणी दिले नव्हते. जोसाफतला सत्य एका गुरूने आणून दिले, रत्नासारखे, पेटीत घालून. त्याने स्वतः काहीच शोधलेले नाही. राजवाडा, ज्योतिषी, बापाची भीती, रस्त्यावरची दृश्ये हा सगळा प्रपंच जसाच्या तसा राहिला आणि ज्या क्षणासाठी तो मांडला होता तो क्षण मात्र वाटेत गळून पडला. जोसाफत हा बोधीवाचूनचा बोधिसत्त्व आहे. माझ्या मते ख्रिस्तीकरण झाले ते येथे. नावे आणि गावे बदलली हा त्या मानाने किरकोळ भाग.

जे गळले त्याच्या जागी जे भरले गेले त्यातून एक भलतेच घबाड निघाले, तेही सांगून टाकतो. अबेनेरच्या वादसभेत नाखोर नावाचा माणूस ख्रिस्ती धर्माच्या बाजूने एक लांबलचक भाषण करतो. ते कोणी फारसे मनावर घेतले नव्हते. १८८९ साली रेंडल हॅरिस याला सिनाई पर्वतावरच्या संत कॅथरीनच्या मठात अॅरिस्टायडीस या अथेन्सच्या तत्त्वज्ञाने दुसऱ्या शतकात लिहिलेल्या ख्रिस्तमताच्या समर्थनाचे सिरियाक भाषांतर सापडले. मूळ ग्रीक ग्रंथ नष्ट झाला असे सगळे मानत होते. आर्मिटेज रॉबिन्सनने मुद्रिते वाचली आणि त्याच्या ध्यानात आले, की मूळ ग्रीक मजकूर आपण पूर्वी वाचलेला आहे: नाखोरच्या तोंडी! बुद्धाच्या चरित्रात एक प्राचीन ख्रिस्ती ग्रंथ हजार वर्षे सुखरूप राहिला होता.

आता कोउतोकडे परत येऊ. त्याने पुराव्याची दोन्ही टोके हातात धरली होती आणि जोसाफत व बुद्ध एकच असावेत इथपर्यंत तो आलाही होता. फक्त त्याच्या लेखी मूळ पुरुष जोसाफत; मूर्तिपूजकांनी त्याचीच आठवण बिघडवून बुद्ध केला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण याच कोउतोने आपल्या इतिहासात दुसरीही एक हकीकत लिहिली आहे, आणि ती पहिलीशेजारी ठेवून वाचली की मन अस्वस्थ होते.

१५६० साली व्हाइसरॉय कोन्स्तान्तीनो द ब्रागान्साने जाफन्यावर स्वारी केली. लुटीत सोन्याने मढवलेला एक दात मिळाला, जो बुद्धाचा म्हणून पूजला जात असे. तो गोव्याला आणला. पेगूच्या राजाला वार्ता लागताच त्याचे वकील अपार द्रव्य घेऊन आले. तिजोरी रिकामी होती आणि दरबारी मंडळींचा कल दात विकण्याकडे होता. आर्चबिशप गास्पार ठाम राहिला: मूर्तिपूजेला उत्तेजन मिळेल असा सौदा करता येणार नाही. १५६१ साली सर्वांसमक्ष दात खलात कुटला गेला, चूर्ण निखाऱ्यांवर टाकले आणि राख नदीत सोडली. खरा दात आपण लपवला होता आणि तो कँडीत सुरक्षित आहे, असे सिंहली परंपरा सांगते.

त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १५७१ साली, व्हेनिसच्या दोजेने पोर्तुगालच्या राजा सेबास्तियांवला एक अनमोल भेट पाठवली. ती होती संत जोसाफतची अस्थी. लिस्बनने ती आदराने स्वीकारली. पुढे पोर्तुगालचे राज्य स्पेनकडे गेले, त्या धामधुमीत ती अस्थी देशाबाहेर पडली आणि अखेर अँटवर्पच्या संत आंद्रेच्या चर्चमध्ये विसावली. एकाच राजाच्या अमलात एकाच माणसाचे दोन अवशेष आले. एकाची राख मांडवीत गेली, दुसऱ्यासमोर मेणबत्त्या लागल्या. दोन्ही अवशेष खरे नसण्याचीच शक्यता मोठी, हे खरे. पण आर्चबिशप गास्पार लबाड नव्हता. द्रव्याचा मोह त्याने ज्या निष्ठेने झिडकारला त्या निष्ठेबद्दल मला आदरच वाटतो, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक सलते.

सत्य बाहेर आले ते १८५९ साली. पॅरिसच्या एका वृत्तपत्रात लाबुले याने आणि पुढच्या वर्षी जर्मनीत लीब्रेख्टने जोसाफत आणि बुद्ध यांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवली. लीब्रेख्टचा आधार होता ‘ललितविस्तर’. १८७० साली माक्स म्युलरने एका व्याख्यानात ते इंग्रज श्रोत्यांना सांगितले आणि मग ही माहिती बैठकीतला किस्सा बनली: पोपने नकळत बुद्धाला संत केले! हा किस्सा सांगताना आपल्याकडे एक विशिष्ट हसू चेहऱ्यावर येते. मला ते आवडत नाही. कारण ते हसू असे गृहीत धरते, की आपल्याजवळचा बुद्ध तेवढा अस्सल.

धर्मानंद कोसंबी हे गोव्यातल्या सांखवाळचे. पाली सुत्ते त्यांनी घर सोडून, देशोदेशी हिंडून मिळवली. आपल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की वृद्ध, रोगी, शव आणि संन्यासी यांच्या दर्शनाची कथा दीघनिकायात गौतमाविषयी नाहीच. ती विपस्सी नावाच्या पुराणकालीन बुद्धाविषयी आहे, आणि नंतर ती गौतमाला चिकटवली गेली. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात बुद्ध स्वतः सांगतो ते अगदी साधे आहे: आईबाप रडत असता त्यांच्यासमक्ष केस कापून घराबाहेर पडलो. मध्यरात्र नाही, निजलेली पत्नी नाही, कंथक घोडा नाही. म्हणजे जोसाफतकडे जी कथा गेली ती बुद्धाचीही नव्हती. बुद्धानेच ती एका पूर्वीच्या बुद्धाकडून उसनी घेतलेली. ‘आपली गोष्ट त्यांनी नेली’ हे वाक्य उच्चारताना त्यातला ‘आपली’ हा शब्द कोणाच्या जिवावर उभा करायचा?

संतचरित्रांची छाननी करण्याचे काम चर्चमध्येच, बोलांडिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जेझुइट पंडितांनी १६४३ पासून चालवले होते, आणि त्यांच्या प्रचंड ग्रंथाचे पहिले खंड निघाले ते अँटवर्पलाच. तिथीच्या क्रमाने ते पुढे सरकत गेले; तो ग्रंथ १० नोव्हेंबरपर्यंत येऊन थांबला. २७ नोव्हेंबर उगवलाच नाही. मात्र १९०५ साली त्यांच्यातल्याच देलेहे या पंडिताने संतकथांच्या स्वरूपावर जे पुस्तक लिहिले त्यात या कथेचे मूळ निःसंकोच मान्य केले आहे. २००१ साली मार्टिरॉलॉजीची सुधारित आवृत्ती आली तेव्हा बार्लाम आणि जोसाफत ही नावे तीत नव्हती. गाजावाजा झाला नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ती काढली नाहीत. ग्रीक पंचांगात २६ ऑगस्ट आणि स्लाव्ह पंचांगात १९ नोव्हेंबर हा त्यांचा दिवस अजून आहे.

इतिहासाच्या दृष्टीने रोमने केले ते योग्यच. जो झालाच नाही त्याचा स्मृतिदिन कसला? तरीही एक प्रश्न राहतो. १३५४ साली बायझंटाइन सम्राट सहावा योहान कांताकुझेनोस याला सिंहासन सोडावे लागले. तो मठात गेला आणि संन्यासाश्रमाचे नाव म्हणून त्याने योआसाफ हे नाव घेतले. पॅरिसला असलेल्या एका हस्तलिखितात त्याची दोन रूपे शेजारी शेजारी रंगवलेली आहेत: एकीकडे रत्नजडित वस्त्रातला सम्राट, दुसरीकडे काळ्या कफनीतला साधू. राज्य टाकलेल्या राजाला कोणते नाव शोभते हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. त्याच्यानंतर हे नाव घेणारे साधू ग्रीक आणि रशियन मठांतून पुष्कळ झाले. १६२३ साली व्हिटेब्स्कला जमावाने ठार मारलेला आर्चबिशप जोसाफत कुन्त्सेविच हाही बाप्तिस्म्याचा योहान. जोसाफत हे त्याचे मठातले नाव. १८६७ मध्ये त्याला रीतसर संतपद मिळाले आणि १२ नोव्हेंबरला जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये त्याचा सण पाळला जातो. त्या दिवशी मुंबईच्या चर्चमधूनही हे नाव उच्चारले जाते.

जेझुइटांनी १५९१ साली जपानमध्ये काझुसा येथे संतचरित्रांचे जपानी पुस्तक छापले, त्यातही बार्लाम-जोसाफत आहेत. शाक्यमुनीचे चरित्र बालपणापासून ऐकलेल्या लोकांनी ते वाचून काय म्हटले असेल, याची कल्पना करण्याचा मोह होतो. साष्टीच्या म्हाताऱ्याची गोष्ट उलटी. त्याच्याजवळ शाक्यमुनी उरलाच नव्हता. जोसाफतचे नाव त्याने चर्चमधल्या प्रवचनातच ऐकले असणार. आणि महाल बांधणाऱ्या भयभीत बापाची गोष्ट ऐकताना गावाच्या डोंगरातली ती ओस दालने त्याच्या डोळ्यांपुढे आली असणार. ज्या रिकाम्या जागेचा अर्थ कोणाला सांगता येत नव्हता तिला त्याने एक राजपुत्र दिला.

कान्हेरीच्याच एका लेण्यात पेहलवी लिपीतले काही लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली तिथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि तिथी भिंतीवर कोरून ठेवली. आले, पाहिले आणि गेले. तेव्हा अॅथोस पर्वतावर एव्थिमियस हयात होता. जिला पेहलवीचा आधार होता असे मानतात ती कथा त्याच्या लेखणीखालून ग्रीक होऊन बाहेर पडली ती याच सुमारास. कोउतोच्या म्हाताऱ्याला ब्राह्मी येत नव्हती तशी पेहलवीही येत नव्हती. दोन्ही लेख त्याच्यासमोर होते.